बायोलॉजिक इंजेक्शनांनी सोरायसिसच्या रुग्णाचे जगणे खरोखर सुधारते का?

आपण विचारले आहे की बायोलॉजिक इंजेक्शनांनी, म्हणजे जिवंत पेशींमध्ये तयार केलेल्या प्रथिनांच्या औषधांनी, सोरायसिसच्या रुग्णाच्या रोजच्या जगण्यात फरक पडतो का, आणि केवळ कातडीच्या आजारासाठी एवढा खर्च करावा का. त्यातला ‘केवळ’ हा शब्द मला लागला, म्हणून लिहितो आहे.

मी परभणी जिल्ह्यात शिक्षक आहे. सतरा वर्षे सोरायसिसचे हे चट्टे मी अंगावर वागवले. वर्गात कोपरावरच्या खपल्या टेबलावर पडत, मुलांना ती खडूची भुकटी वाटे आणि मी त्यांचा तो समज कधीही दूर केला नाही. वैशाखातल्या उन्हातही माझा सदरा पूर्ण बाह्यांचाच असे. मुले उठण्यापूर्वी पत्नी अंथरूण झाडून घेई. पुतणीच्या लग्नात वाढायला म्हणून मी बुंदीची परात उचलली, तेव्हा थोरल्या बंधूंनी ती भर पंगतीत माझ्या हातून काढून घेतली आणि ‘तू राहू दे, पाहुणे बघतात’ असे म्हणाले. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगितले होते.

मेथोट्रेक्सेट या जुन्या औषधाने काही वर्षे बरे वाटले, पुढे यकृताच्या तपासण्या बिघडल्या. २०१८ साली त्वचारोगतज्ज्ञांनी सेक्युकिनुमॅब हे बायोलॉजिक इंजेक्शन सुचवले. दाह भडकवणाऱ्या इंटरल्युकिन-१७ए या प्रथिनाला ते अडवते. सुरुवातीला आठवड्याला एक मात्रा आणि नंतर महिन्याला एक. घरात विषय निघताच बंधू म्हणाले, ‘खाजेने कोणी मरत नाही, एवढ्या पैशात बोअर झाला असता.’ मी त्यांचे ऐकले नाही. औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते, त्यामुळे संभाजीनगरहून ते बर्फाच्या डब्यात घालून मराठवाडा एक्स्प्रेसने आणत असे, आणि गावात वीज गेली की जीव फ्रीजपाशी अडकलेला असे.

चौथ्या महिन्यात मी शिंप्याकडे अर्ध्या बाह्यांचा सदरा शिवायला टाकला. पत्नीचा पहाटेचा केरसुणीचा हात थांबला. डॉक्टरांकडे एक प्रश्नपत्रिका असते, १९९४ साली ब्रिटनमधल्या कार्डिफच्या डॉक्टरांनी तयार केलेली. खाज, संकोच, कपडे, काम, पती-पत्नीतले संबंध अशा दहा प्रश्नांवर ती गेल्या आठवड्याचा हिशेब मागते आणि तीसपैकी गुण देते. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. माझे बावीस होते, ते तीनवर आले. ज्या आजाराचा त्रास असा मोजता येतो, त्याच्या उपचाराला चैन म्हणणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सांगितल्यावर एवढेही सांगायला हवे की आजार मुळापासून जात नाही आणि इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचे चट्टे परत येतात. सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची आणि कावीळ ‘ब’ची तपासणी टाळू नका. सांधे आखडत असतील किंवा आतड्याचा जुना दाह असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण औषधाची निवड त्यावर बदलते. चट्टे थोडे असतील तर मलमाने भागते. खर्चाचे म्हणाल, तर देशी कंपन्यांचे अ‍ॅडालिमुमॅब हे दुसरे बायोलॉजिक मूळ औषधापेक्षा स्वस्त मिळते, त्याबद्दल जरूर विचारा. मात्र परवडते की नाही याचा निर्णय ज्याच्या अंगावर चट्टे नाहीत त्याच्यावर सोपवू नका. ती दहा प्रश्नांची पत्रिका डॉक्टरांकडून मागून घ्या आणि आपली उत्तरे घरातल्या थोरांसमोर मोठ्याने वाचा. बंधू हयात असेपर्यंत माझ्याकडून ते राहून गेले.