बर्लिनमध्ये दोनच दिवस असतील तर वानझेचं घर बघायला जावं का?

तुम्ही विचारलंय की ज्यूंच्या हत्याकांडाचं मोठं स्मारक शहराच्या मधोमध आहेच, मग अर्धा दिवस घालवून लांब वानझेला कशाला जायचं. माझं स्पष्ट मत, जाच.

मी बर्लिनमध्येच राहतो आणि भारतातून कोणी आलं की आवर्जून तिथे नेतो. तळ्याकाठी ऐसपैस बंगला आहे, आता तिथे स्मारक आणि शिक्षणाचं केंद्र आहे, आणि याच बंगल्यात २० जानेवारी १९४२ ला हायड्रिशने, म्हणजे हिटलरच्या एसएस या निमलष्करी संघटनेतल्या बड्या अधिकाऱ्याने, मीटिंग घेतली, त्याला धरून १५ जण, साधारण दीड तास. बऱ्याच जणांना वाटतं ज्यूंना मारायचं तिथे ठरलं, तसं नाहीये, कीव्हजवळ बाबी यारला त्याआधीच सप्टेंबर १९४१ मध्ये दोन दिवसांत ३३ हजारांवर माणसं गोळ्या घालून मारली होती. इथे बोलणं झालं ते कुठल्या खात्याने काय करायचं, कोणाला ज्यू धरायचं यावर. आणि बसलेले कोण, तर वरच्या पदावरचे सरकारी अधिकारी आणि एसएसवाले, निम्म्याहून जास्त डॉक्टरेट केलेले!

त्या मीटिंगच्या इतिवृत्ताच्या ३० प्रती काढल्या होत्या, त्यातली फक्त १६ नंबरची १९४७ मध्ये सापडली. तिचं सहावं पान नीट वाचा. टाइप केलेला तक्ता आहे, देशाचं नाव आणि पुढे ज्यूंचा आकडा, इंग्लंड ३,३०,०००, स्वित्झर्लंड १८,०००, आयर्लंड ४,०००, अल्बानिया २००, म्हणजे जे देश हिटलरच्या ताब्यातही नव्हते तिथलीसुद्धा माणसं मोजून ठेवलेली, आणि खाली एकूण १ कोटी १० लाखांवर. ते दोनशे वाचून मला दरवेळी कसंतरी होतं.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते तिथलं शिक्षणाचं काम. शाळेची मुलं तर येतातच, पण नर्स, पोलीस, सरकारी ऑफिसातले लोक यांचेही गट येतात आणि आपल्याच पेशातल्यांनी त्या काळात काय केलं ते जुने कागद वाचून शोधतात. आपल्याकडे ट्रेनिंगला आलेल्या अधिकाऱ्यांनाही असं काही द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

हे केंद्र व्हावं म्हणून योसेफ वुल्फ यांनी १९६० च्या दशकात जिवाचं रान केलं. स्वतः आउशविट्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेले, इतिहासकार. पण तेव्हा बंगल्यात शाळेच्या मुलांचं सहलीचं वसतिगृह होतं, ते हलवायला कोणी तयार नव्हतं. १९७४ मध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि केंद्र उघडलं थेट १९९२ ला. आता तिथल्या लायब्ररीला त्यांचं नाव आहे, पण जिवंतपणी त्या माणसाचं ऐकलं नाही याचा मला अजून राग येतो.

प्रवेश फुकट आहे. एस-बानने (इथली लोकल ट्रेन) वानझे स्टेशन, तिथून ११४ नंबरची बस. माहिती इंग्लिशमध्येही आहे त्यामुळे जर्मन येत नसलं तरी अडत नाही, फक्त वाचायला भरपूर आहे, लहान मुलं कंटाळतील, नववी-दहावीच्या पुढची असतील तर नक्की न्या.