त्याने काय केले ते लिही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पाने काल रात्री दोनदा वाचली. तालमीच्या मंडळींनी तुझ्या मित्राच्या शोकसभेत तुला बोलायला सांगितले आहे आणि तू चार दिवस कागद फाडतो आहेस, हे तुझ्या आईकडून आधीच कळले होते. तो मनाचा फार चांगला होता, पण उधारी वेळेवर फेडत नसे आणि दोनदा तुझ्याशी कडाडून भांडला होता, तेव्हा हे सांगावे की झाकावे, असे तू विचारतोस. सांगण्या-झाकण्याचा प्रश्न पुढचा आहे, कारण तुझ्या त्या पानांत मला तो कुठे दिसलाच नाही. 'दिलदार', 'अजातशत्रू', 'कधीही भरून न येणारी पोकळी' हे शब्द आपल्याकडे चौकाचौकांतल्या डिजिटल फलकांवर बारमाही असतात. फलकावरचा फोटो तेवढा बदलतो. तू त्याने काय केले ते लिही.

रक्षाविसर्जनाच्या सकाळी पंचगंगेच्या स्मशानभूमीबाहेर तू मला काय सांगितलेस, ते तुला आठवते का? तुझ्या वडिलांना डायलिसिसला नेण्यासाठी आठवड्यातून दोनदा तो पहाटे सहाला तुमच्या दारात गाडी आणून उभी करीत असे आणि कधी हॉर्न वाजवीत नसे. हॉर्न ऐकला की वडील घाई करतील आणि जिन्यावर पाय घसरेल, म्हणून तो खाली गुपचूप थांबे. हे तू मला रडत रडत सांगितलेस आणि कागदावर मात्र 'सेवाभावी वृत्ती' असे लिहिलेस! त्या न वाजवलेल्या हॉर्नपुढे तुझी सेवाभावी वृत्ती काय कामाची? उधारीही त्यानेच केली होती, तेव्हा ओघात आली तर तीही येऊ दे.

मी चिडून लिहितो आहे, हे मला कळते. या चिडण्यातला मोठा वाटा माझ्यावरचा आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मी पुण्यात अडकलो होतो. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी असल्याने कोल्हापुरात येण्याची वाट बंद होती. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलेले. शुक्रवार पेठेतली माझी तळमजल्याची खोली त्यात वाचणार नाही, हे मी धरूनच चाललो होतो. परत आलो तेव्हा माझी सगळी पुस्तके शेजाऱ्यांच्या माडीवर कोरडी होती. माझ्या मित्राने ती वहिनींच्या जुन्या लुगड्यांत बांधून वर नेली होती आणि प्रत्येक गाठोड्याला 'वरची फळी, डावीकडून' अशी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी खोचली होती, कारण पुस्तकांची लावणी मोडली की मी किती अस्वस्थ होतो, हे त्याला ठाऊक होते. तुझ्या घरचे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, "आमच्याकडे पाणी नंतर आलं." तो राहायचा सुतारवाड्यात. पंचगंगा चढू लागली की सुतारवाड्यातली माणसे सगळ्यांत आधी हलवावी लागतात, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्याचे वर्षाचे धान्य भिजून गेले होते. मी ते खोटे ओळखले आणि ओळखले नाही असे दाखवले.

त्याच्या शोकसभेत मी वीस मिनिटे बोललो. निष्ठा, निरपेक्ष मैत्री, माणुसकी, सगळे झाले. लोकांनी भाषणाची तारीफही केली. निघताना वहिनी दारात एवढेच म्हणाल्या, "गाठोड्यांचं बोलाल, असं वाटलं होतं."

ते मी का बोललो नाही? समोर त्याची दोन्ही मुले बसली होती आणि आपल्या घरचे धान्य या माणसाच्या पुस्तकांपायी गेले, हे त्यांनी चारचौघांत ऐकू नये, असे मला वाटले. ते कारण अगदीच खोटे नाही. माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याची जीभ अडखळली असती, असे मी अजूनही म्हणेन. पण मोठे शब्द मला त्या दिवशी फार सोयीचे पडले, हेही खरे; त्यांच्या आड मला उभे राहता आले. तुझे वय असे आडोसे शोधण्याचे नाही, म्हणून पुन्हा सांगतो, त्याने काय केले ते लिही.

खरे तर आपल्या गावात हे कोणाला शिकवावे लागू नये. ६ मे २०२२ रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सगळे शहर १०० सेकंद स्तब्ध उभे राहिले, तेव्हा मीही बिंदू चौकात उभा होतो. त्या वेळी मला त्यांची एकही बिरुदावली आठवली नाही. आठवला तो गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलातला चहा. ज्यांच्या हातचे पाणी घ्यायला गाव तयार नव्हते, त्यांना महाराजांनी हॉटेल काढायला पाठबळ दिले आणि स्वतःची गाडी त्या दारात थांबवून चहा मागवला, सोबतच्या मंडळींनाही पाजला. शंभर वर्षे उलटली तरी घराघरांत आजोबा नातवाला सांगतात तो हा चहाच.

तुझ्या भांडणांविषयी मला फारसे सांगण्यासारखे नाही. भांडला, तर कशावरून भांडला आणि नंतर आधी कोण बोलले, एवढे लिहावेस.

गुरुवारी रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर ये आणि ती दोन पाने घरीच ठेवून कोरा कागद आण. मीही माझी वही आणतो. गाठोड्यांचे पान तिच्यात केव्हाच लिहून झाले आहे. वहिनींना ते नेऊन वाचून दाखवायचे मात्र अजून राहिले आहे.

तुझा,
काका