एक्स्चेंज पुन्हा केवायसी मागतंय, परदेशी अ‍ॅपवर जाऊ का?

तुमचा प्रश्न असा आहे: क्रिप्टो, म्हणजे डिजिटल चलन, विकत घ्यायचं-विकायचं एक्स्चेंज केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, नव्याने सेल्फी, पॅन आणि उत्पन्न कुठून येतं हेही मागतंय. बेळगावजवळच्या खानापुरात बसून शे-दोनशे यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेले क्रिप्टो कॉइन) विकणाऱ्याला हा जाच कशाला? आणि टेलिग्रामवरचा एकजण भावापेक्षा तीन रुपये जास्त देतोय, तर एकही कागद न मागणाऱ्या परदेशी अ‍ॅपवर त्याला विकू का?

विकू नका. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण यातून मी गेलोय.

२०२२ मध्ये मी पी-टू-पीवर, म्हणजे एक्स्चेंजच्या मध्यस्थीने थेट दुसऱ्या माणसाला, ४० हजारांचे यूएसडीटी विकले. घेणाऱ्याचं नाव अ‍ॅपवर एक होतं, पैसे आले भलत्याच नावाच्या खात्यातून. रक्कम जमा झाली म्हणून मी कॉइन सोडले. बारा दिवसांनी माझ्या बँक खात्यावर होल्ड, व्यवहार बंद! शाखेत गेल्यावर कळलं की परराज्यातल्या एका बाईंना ऑनलाइन फसवलं होतं आणि त्यांचे पैसे तीन खात्यांतून फिरून माझ्याकडे आले होते. चोराच्या हाती कॉइन गेले, ते देशाबाहेरच्या वॉलेटमध्ये. मागे सापडण्यासारखा उरलो मी. एक्स्चेंजला विचारलं, घेणारा कोण? त्यांच्याकडे एका मोबाइल नंबरापलीकडे काही नव्हतं. खातं सुटायला पाच महिने लागले, मुलीची फी मेहुण्याकडून उसनी घेऊन भरली. त्या बाईंचे पैसे परत मिळाले का, हे मला आजही माहीत नाही. ते मनातून जात नाही.

काळा पैसा असाच धुतला जातो. भाड्याची खाती, मग पी-टू-पी, मग यूएसडीटी. बेळगावात कॉलेजच्या पोरांना चार-पाच हजार देऊन पासबुक आणि सिम मागणारे याच साखळीतले.

माझे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. माल कुणाचा, पैसा कुणाच्या हातून आला, हे वहीत चढल्याशिवाय तिथे बोद, म्हणजे तंबाखूची गाठ, हलत नसे. क्रिप्टोत ती वहीच नव्हती. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने एक्स्चेंजना २००२ च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणलं. तेव्हापासून ग्राहकाची ओळख पटवणं, नोंदी पाच वर्षं जपणं आणि संशयास्पद व्यवहार फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिट या केंद्र सरकारच्या यंत्रणेला कळवणं त्यांना बँकांसारखंच बंधनकारक आहे. कचेरी परदेशात असली तरी इथल्या लोकांना सेवा दिली की या युनिटकडे नोंदणी हवीच. डिसेंबर २०२३ मध्ये बायनान्स, कुकॉइन, क्रॅकन यांच्यासह नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या, पुढे त्यांच्या साइट रोखल्या. बायनान्सला २०२४ मध्ये १८.८२ कोटींचा दंड झाला. आता तुमचं ते काहीच न विचारणारं अ‍ॅप कुठल्या गटातलं असेल, तुम्हीच ताडा.

सरकारचं सगळंच मला पटतं असं नाही. ३० टक्के कर, विक्रीवर १ टक्का टीडीएस, आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, हा माझ्या मते अन्याय आहे. यामुळेच लोक आडवाटेला लागतात. पण ते भांडण कराचं आहे, केवायसीचं नाही. शिवाय नोंदणी आहे म्हणजे तुमचे कॉइन सुरक्षित, असंही समजू नका. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवरून सुमारे २३ कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले, ते याच नियमांच्या काळात. हा कायदा पैशाचा माग ठेवतो, तिजोरीची राखण करत नाही.

आता करायचं काय? केवायसी पूर्ण करा. पी-टू-पी करायचंच असेल तर पैसे पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव आणि अ‍ॅपवरचं नाव तंतोतंत जुळल्याशिवाय कॉइन सोडू नका. नाव वेगळं दिसलं की कॉइन अडवून ठेवा आणि अ‍ॅपवर लगेच तक्रार टाका. "भावाच्या खात्यातून पाठवलेत" हे कधीही ऐकू नका.

खातं आधीच अडकलं असेल तर शाखेतून तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्या, मग ऑर्डर हिस्टरी, चॅट आणि स्टेटमेंट जोडून तिथे उत्तर पाठवा. आपल्याकडे कर्नाटकात असं प्रकरण सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या पोलीस ठाण्यात जातं. नोटीस कन्नडमध्ये असेल आणि नीट वाचता येत नसेल, तर जाणकाराकडून शब्दन् शब्द समजून घेतल्याशिवाय सही करू नका. स्वतःच फसला असाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन लावा, पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत.

त्या टेलिग्रामवाल्याशी काही व्यवहार आधीच झाला असेल तर इथे लिहा. किती तारखेचा, कुठल्या नावाने पैसे आले, एवढं सांगितलंत तरी पुढचं पाहता येईल.