ईडीडीची वसुलीची नोटीस: पैसे भरण्याआधी 'जाणूनबुजून' या शब्दाला उत्तर द्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कॅलिफोर्नियात नोकरी गेली, बेकारी भत्त्याचा अर्ज पाच आठवडे 'पेंडिंग' राहिला, मग आठवड्याला 450 डॉलर सुरू झाले. त्यातच तुम्ही शिकवणीच्या वर्गात अर्धवेळ काम धरलं. आता ईडीडीची, म्हणजे हा भत्ता देणाऱ्या राज्याच्या रोजगार खात्याची, नोटीस आली आहे: तीन आठवड्यांचे 675 डॉलर परत करा, वर 30 टक्के दंड, म्हणजे 202.50. यजमान म्हणतात, "भरून टाक, सरकारी भानगड नको."

भरू नका. निदान अपील केल्याशिवाय भरू नका. तुमच्या नोटिशीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, तुम्हाला जास्त पैसे मिळाले. दुसरी, तुम्ही जाणूनबुजून खोटी माहिती दिली. पहिली बहुधा थोडीफार खरी आहे, दुसरी नाही. दंड लागतो तो दुसरीमुळे, आणि भत्ता बंद ठेवणारे शिक्षेचे आठवडेही तिच्यामुळेच लागतात. रक्कम भरल्यानं 'जाणूनबुजून'चा तो शिक्का पुसला जात नाही.

तुमची चूक कुठे झाली ते आकड्यांत बघू. ईडीडीचा आठवडा रविवार ते शनिवार. ज्या आठवड्यात काम केलं त्याच आठवड्यात कमाई दाखवायची, चेक हातात आलेला नसला तरी; आणि ती कर कापण्याआधीची पूर्ण रक्कम. तुम्ही दर आठवड्याला 300 डॉलरचं काम केलंत, पण चेक पंधरा दिवसांनी आला तेव्हा हातात पडलेले 500 दाखवलेत. पहिल्या आठवड्यात शून्य, दुसऱ्यात 500.

कमाईचा पाव भाग ईडीडी मोजत नाही (कमाई 100 डॉलरपर्यंत असेल तर पहिले 25 मोजत नाहीत). म्हणजे 300 मधले 75 सोडून 225 कापले जायला हवे होते आणि दोन्ही आठवड्यांत तुम्हाला 225 मिळायला हवे होते, एकूण 450. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात पूर्ण 450 मिळाले. दुसऱ्यात 500 मधले 375 कापले जाऊन 75 मिळाले. एकूण 525. म्हणजे दोन आठवडे मिळून जादा गेले 75. नोटिशीत पहिल्या आठवड्याचे 225 जादा धरले आहेत, पण दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला 150 कमी मिळाले ते त्यात दिसत नाही. नोटिशीतले तीन आठवडे म्हणजे अशा तीन जोड्या धरल्या तर खरा फरक 225 डॉलरचा आहे, 675 चा नाही.

हा हिशेब कागदावर मांडा: आठवडा, केलेलं काम, दाखवलेली रक्कम, मिळालेले पैसे, मिळायला हवे होते ते पैसे. सोबत पे-स्टबच्या (पगाराच्या पावत्यांच्या) प्रती जोडा. लपवाछपवी करायची असती तर कुणी प्रत्येक चेक स्वतःहून दाखवला असता का? तुमच्या बाजूचा हाच सर्वांत भक्कम पुरावा आहे.

नोटिशीवर टपालाची तारीख असते, तिथपासून 30 दिवस अपिलाला असतात. मुदत टळली तर उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं, आणि ते मान्य होईलच असं नाही. सोबत आलेल्या अपिलाच्या फॉर्मवर भाषण लिहू नका. एवढं पुरे: "मी कमाई दाखवली होती, पण चुकून चेक मिळाल्याच्या आठवड्यात आणि कर कापल्यानंतरची. खोटी माहिती देण्याचा हेतू नव्हता. रकमेचा हिशेबही पुन्हा व्हावा." नोटिशी दोन आल्या असतील तर अपिलात दोन्हींचा उल्लेख करा.

पुढे न्यायाधीशांसमोर सुनावणी होते, आता बहुतेकदा फोनवर. शपथेवर बोलायचं असतं. इंग्रजीचा ताण येत असेल तर दुभाषा आधीच मागा, तो मोफत मिळतो. घाबरून "हो, चुकलंच माझं" एवढंच म्हणून थांबू नका. काय चुकलं आणि का चुकलं, ते सांगा.

माफीबद्दल विचारलंत. जास्त गेलेली रक्कम कधीकधी माफ होते. त्यासाठी घरच्या उत्पन्न-खर्चाचा फॉर्म भरावा लागतो. पण 'जाणूनबुजून'चा शिक्का असेपर्यंत माफीचं दारच बंद असतं. तो निघाल्यावरही खात्री नाही, कारण चूक तुमच्या हातून झाली आहे. मात्र हप्ते मागता येतात, आणि शिक्का निघाला असेल तर पुढच्या भत्त्यातून वसुली झाली तरी आठवड्याला 25 टक्केच कापतात. शिक्का राहिला तर भत्ता पूर्णच जातो. नोटिशीकडे दुर्लक्ष केलंत तर कराचा परतावा अडकतो, पगारावरही जप्ती येऊ शकते.

आणि अपील चालू असताना दर दोन आठवड्यांचं सर्टिफिकेशन, म्हणजे काम आणि कमाईची माहिती भरून देणं, थांबवू नका. हे मी कळकळीनं सांगतो. 2009 मध्ये माझी नोकरी गेली तेव्हा कंपनीनं मी राजीनामा दिल्याचं कळवलं होतं. मला भत्ता नाकारला गेला आणि मी अपील केलं. तेव्हा कागदी फॉर्म टपालानं यायचा. पैसेच येत नाहीत तर फॉर्म कशाला, म्हणून मी तीन फॉर्म स्वयंपाकघरातल्या खणात ठेवून दिले. मॅनेजरच्या एका ईमेलमुळे अपील जिंकलो, पण त्या तीन फॉर्मचे सहा आठवडे मला मिळाले नाहीत. त्या महिन्यांत घरभाडं कसं दिलं ते मला आणि बायकोलाच ठाऊक.

तुमचे आधीचे पाच आठवडे रखडले त्यातला पहिला आठवडा तर 'वेटिंग वीक', त्याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत. उरलेल्यांसाठी दोन गोष्टी बघा: त्या काळातलं सर्टिफिकेशन पूर्ण आहे का, आणि ओळख पटवण्याची एखादी सूचना किंवा मुलाखतीचा फोन राहून गेला का. भत्त्याची रक्कम ठरल्याचं पत्र हाती असलं तरी ते मंजुरी नसते. त्यात तिमाहीवार पगार बरोबर आहेत का, एवढं तपासा. सगळं पुरं असूनही अडकलं असेल तर तुमच्या भागातल्या स्टेट असेंब्ली सदस्याच्या कार्यालयात फोन करा. ईडीडीत अडकलेली प्रकरणं मार्गी लावणं हे त्यांचं नेहमीचं काम आहे.

यजमानांना एक सांगा. बेकारी भत्ता ही खैरात नाही. तुम्ही काम करत होतात तेव्हा तुमच्या मालकांनी भरलेल्या करातून उभा राहिलेला हा विमा आहे. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात, पात्र आहात आणि अपील हा तुमचा हक्क आहे.

तक्ता तयार झाला की नाव आणि क्रमांक झाकून इथे टाका. आकडे मी तपासून देतो. नोटिशीवरची टपालाची तारीख मात्र आजच कळवा.