पहाटेची हवा शुद्ध असते का?

थंडी पडली की हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी त्यातलीच पाच घेतली आहेत.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत, अँजिओप्लास्टी झालेली आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून पहाटे साडेपाचला बाहेर पडतात. डिसेंबरात समोरची इमारत धूसर दिसते, अ‍ॅपवर आकडा १८०च्या आसपास असतो. अडवलं तर म्हणतात, पहाटेची हवा शुद्ध असते, आणि मला साधा खोकलाही नाही. कोणाचं बरोबर? (चेंबूर)

उत्तर : चालणं बरोबर, वेळ चुकीची. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर गार होते, तिला लागून असलेली हवाही गार होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. रात्रभराचा धूर आणि धूळ त्याखाली कोंडून राहते. त्यातून मुंबईत पहाटे असतात ते मतलई वारे, जमिनीकडून समुद्राकडे जाणारे आणि मंद. ऊन चढलं की झाकण सुटतं, दुपारी खारे वारे आले की हवा हलते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत दुपारी साडेतीन ते पाच ही वेळ पहाटेपेक्षा पुष्कळ बरी.

आता तो १८०. हे मायक्रोग्रॅम नव्हेत, हा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोष्टकात १०१ ते २०० हा पट्टा म्हणजे पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांचे दर घनमीटरला ६१ ते ९० मायक्रोग्रॅम. त्या हिशेबाने १८० म्हणजे साधारण ८४. अ‍ॅप याला ‘मध्यम’ म्हणतं, पण आपल्याकडची २४ तासांची मर्यादा ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची (२०२१) फक्त १५. शिवाय हा आकडा २४ तासांच्या सरासरीचा, पहाटेची हवा त्याहून वाईट असू शकते. (मुख्य प्रदूषक ‘पीएम १०’, म्हणजे त्याहून जाडे कण, दाखवत असेल, किंवा अ‍ॅप अमेरिकी कोष्टक वापरत असेल, तर हा हिशेब लागू नाही.)

खोकला नाही यात दिलासा नाही. माणसाचा केस ५० ते ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, हे कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. जाडी धूळ नाकात, घशात, मोठ्या श्वासनलिकांत अडते आणि खोकल्याची संवेदना मुख्यतः तिथेच असते. बारीक कण तिला चुकवून थेट वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसांच्या टोकाच्या इवल्या पिशव्यांत, पोचतात. तिथे धूळ वर ढकलणारे तंतू नसतात. संरक्षक पेशी कण गिळतात, दाह सुरू होतो आणि त्याचे पडसाद रक्तात उमटतात : रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. फुप्फुसाची तक्रार नसताना हृदयविकाराचा झटका येतो तो असा. पीएम २.५ ची दीर्घकालीन पातळी १० मायक्रोग्रॅमने वाढली की मृत्यूचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, असं अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो.

बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो, भरभर चालणारा २५ ते ३०. तासभराच्या चालण्यात बसलेल्या तीन-चार तासांची धूळ आत जाते. तेव्हा वेळ बदला, हमरस्ता सोडून आतल्या गल्लीत किंवा सोसायटीच्या आवारात चाला. निर्देशांक ३००च्या वर असेल त्या दिवशी घरातच फेऱ्या मारा. गोळ्यांत खंड नको. छातीवर दाब, घाम, जबडा किंवा हात दुखणं असं काही झालं तर ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून वाट पाहू नका, १०८ला फोन करा.

प्रश्न : रोज तासभर बाइकवर असतो. ओढणीसारखं कापड गुंडाळतो. एन ९५ घ्यावा का? धुऊन किती दिवस चालेल? (कल्याण)

उत्तर : कापड उन्हापासून वाचवतं, या कणांपासून जवळजवळ नाही. एन ९५ घ्या, किंवा पाकिटावर आयएस ९४७३ आणि एफएफपी २ छापलेला. धुऊ मात्र नका, एकदाही. या मास्कच्या मधल्या थरात विद्युतभार असतो आणि बारीक कण मुख्यतः तोच ओढून धरतो. साबणाने हा भार जातो. मास्क स्वच्छ दिसतो आणि निकामी झालेला असतो. पट्टा सैल पडला, आतून ओलसर-मळका झाला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं की टाकून द्या.

खरी गळती कडांतून होते. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे कानात अडकवायच्या पट्ट्यांपेक्षा घट्ट बसतात. नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, मास्कवर तळवे ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा लागली किंवा चष्मा धुरकटला, तर पुन्हा बसवा. दाढी असेल तर कितीही महाग मास्क गळणारच.

प्रश्न : १२ बाय १० फुटांच्या बेडरूमसाठी एअर प्युरिफायर घेतला. तरी मोजायच्या यंत्रावर आकडा खाली येत नाही. फसलो का? (पुणे)

उत्तर : आधी क्षमता तपासा. छत १० फुटांवर धरलं तर तुमची खोली १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी अशी अपेक्षा असेल, तर सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, १७० घनमीटर असायला हवा. खोक्यावरचा आकडा मात्र सर्वांत वेगवान पंख्याचा असतो आणि रात्री आवाज नको म्हणून आपण तो हळू करतो. म्हणून २५०च्या पुढचं यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवलेलं बरं. ते भिंतीपासून फूटभर पुढे ठेवा, दार-खिडकी बंद ठेवा. आयनायझरचं बटण असेल तर बंदच असू द्या, त्यातून ओझोन तयार होऊ शकतो.

मग घरातला धूर बघा. डासांची एक कॉइल पूर्ण जळते तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण सोडते, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापातून दिसलं आहे. उशाशी कॉइल आणि पायाशी प्युरिफायर हा निव्वळ विजेचा अपव्यय. मच्छरदाणी लावा. उदबत्ती देवघरात लावत असाल तर खिडकी उघडी ठेवा. फोडणीच्या वेळी चिमणी आधीपासून सुरू हवी, आणि तिची नळी बाहेर काढलेली हवी. कोळशाच्या गाळणीतून हवा परत स्वयंपाकघरातच सोडणारी चिमणी फारशी कामाची नाही.

तिसरी शक्यता मोजायच्या यंत्राचीच. अशी स्वस्त यंत्रं लेझरच्या प्रकाशात कण मोजतात. हवा फार दमट झाली की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा उगाच चढतो. पावसाळ्यात किंवा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर दिसणारा आकडा मनावर घेऊ नका.

प्रश्न : गूळ खाल्ल्याने फुप्फुसातली धूळ निघते का? (इचलकरंजी)

उत्तर : १९९४ साली उंदरांवरच्या एका प्रयोगात गूळ दिल्यावर कण फुप्फुसातून हलल्याचं दिसलं होतं, समजुतीला आधार तेवढाच. माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही. मधुमेह असेल तर गूळ साखरच समजा. वाफेने चोंदलेलं नाक मोकळं होतं, वायुकोशातले कण निघत नाहीत.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीला दमा आहे. लहानपणी झालेलं नुकसान भरून येतं का? पंप रोज द्यावा का, की त्रास झाला तरच? (चंद्रपूर)

उत्तर : दक्षिण कॅलिफोर्नियात १० ते १८ वयाच्या मुलांची फुप्फुसं आठ वर्षं मोजली गेली. पीएम २.५ सर्वांत जास्त असलेल्या गावात १८व्या वर्षी क्षमता कमी राहिलेली मुलं ७.९ टक्के होती, सर्वांत कमी असलेल्या गावात १.६ टक्के. तिथली हवा सुधारल्यावर पुढच्या तुकड्यांतल्या मुलांची फुप्फुसं अधिक चांगली वाढली. म्हणजे वाढीच्या वयात स्वच्छ हवा मिळाली तर फरक पडतो. आठ वर्षं हे त्याच वयात येतं.

रोजचा, म्हणजे प्रतिबंधक पंप रोजच द्यायचा, बरं वाटत असलं तरी. तो सूज खाली ठेवतो. त्रास झाल्यावर द्यायचा पंप वेगळा. डॉक्टरांकडून दोन्हींवर मार्करने खुणा करून घ्या, कारण गल्लत नेहमी इथेच होते. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची नळी, लावा : पंप हलवा, एकदा दाबा, मुलीला चार-पाच संथ श्वास घेऊ द्या, दुसरा डोस असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून. नंतर चूळ भरायला लावा. स्पेसर भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. आतून फडक्याने पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज जमते आणि औषध मुलीच्या छातीत जायच्या ऐवजी नळीच्या भिंतीला चिकटून बसतं.