शिकारीचा हंगाम सुरू होताच हरणे जातात कुठे?

प्रश्न : आम्ही पेन्सिल्वेनियात राहतो. ऑक्टोबरभर संध्याकाळच्या वेळी घरामागच्या रानाच्या कडेला पाच-सहा हरणे चरताना दिसतात. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर बंदुकीच्या शिकारीचा हंगाम उघडला, की चार-दोन दिवसांतच ती दिसेनाशी होतात आणि ‘यंदा हरणे उरलीच नाहीत’ अशी तक्रार शेजारचे शिकारीही करू लागतात. एवढ्या थोड्या दिवसांत ती सगळी मारली जातात, की रान सोडून जातात?

उत्तर : काही हरणे मारली जातात, हे उघड आहे, परंतु जी उरतात त्यांतील बहुतेक आपल्या नेहमीच्याच टापूत असतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे आपल्या टापूशी नाते घट्ट असते. प्रौढ मादीचा वावर तर पुष्कळदा एका चौरस मैलाच्या आतच असतो. बदलते ते तिचे वेळापत्रक, आणि ते बदलायला भाग पाडतात ती माणसे.

ओक्लाहोमातील एका मोठ्या कुरणावर नरांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून याचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. त्यात एका भागात दर २५० एकरांमागे एक शिकारी, दुसऱ्या भागात दर ७५ एकरांमागे एक, अशी विभागणी केली होती. हंगाम पुढे सरकला तसे ते नर शिकाऱ्यांच्या नजरेस कमी कमी पडू लागले, पण त्यांनी टापू सोडला नव्हता. ते दाट झाडीत अधिक राहत होते आणि हिंडणे-फिरणे त्यांनी कमी केले होते.

शिकारी पहाटे अंधारात येतो, गाडीचे दार आपटतो, वारा पाठीवर घेऊन रोजच्याच पायवाटेने जातो आणि रोजच्याच मचाणावर बसतो. त्याचा वास त्याच्या आधी रानात पोहोचलेला असतो. अशा वेळी मादीकडे बारकाईने पाहावे : ती मान ताठ करून कान पुढे रोखते, पुढचा खूर जमिनीवर आपटते, चरण्याचे सोंग करून मान खाली घालते आणि समोरचा हलतो का हे पाहण्यासाठी ती झटकन वर उचलते. खात्री पटली, की नाकातून जोराचा फूत्कार टाकून, शेपटीची पांढरी बाजू उभारून ती पळते आणि आसपासच्या सगळ्या हरणांना इशारा मिळतो. साउथ कॅरोलायनात ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले, की एखाद्या मचाणावर शिकारी बसून गेल्यावर नर सुमारे तीन दिवस दिवसाउजेडी त्या जागेजवळ येणे टाळतात. एकच मचाण रोज धरून बसणारा शिकारी ती जागा आपल्याच हाताने निकामी करत असतो, असे मला वाटते.

तुमच्या शेजाऱ्यांच्या तक्रारीशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे. पेन्सिल्वेनियातीलच पाहण्यांनुसार बहुसंख्य शिकारी रस्त्यापासून साधारण अर्ध्या किलोमीटरच्या आतच थांबतात, आणि आपण प्रत्यक्षापेक्षा बरेच आत गेलो होतो, अशी त्यांची समजूत असते. हरणे मात्र दिवसा रस्त्यापासून दूरचे तीव्र उतार आणि झुडपांच्या जाळ्या गाठतात. कायद्याने शिकारीची वेळ सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच असल्यामुळे अंधार पडल्यावर ती निर्धास्तपणे तुमच्या परसाच्या कडेला चरत असू शकतात.

शिकाऱ्यांना सक्तीने घालाव्या लागणाऱ्या नारिंगी जाकिटाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण हरणाच्या डोळ्यांत तांबडा रंग वेगळा ओळखणाऱ्या पेशीच नसतात. त्याला खटकते ती हालचाल. शिवाय ज्या वर्षी ओकची फळे भरपूर पडतात, त्या वर्षी रानातच पोट भरत असल्याने शिकारी नसले तरी हरणे उघड्यावर कमीच येतात.

म्हणून दिवसा किती हरणे दिसली यावरून कळपाचा अंदाज बांधू नये. ताजे बर्फ पडल्यावर सकाळी रानाच्या कडेचे खुरांचे ठसे आणि लेंड्या पाहाव्यात, कोवळ्या रोपांचे शेंडे किती उंचीपर्यंत खाल्ले गेले आहेत तेही तपासावे. ठसे ताजे असतील आणि शेंडे खुडलेले असतील, तर हरणे तिथेच आहेत असे शेजाऱ्यांना खुशाल सांगावे. हंगाम संपून रानातली वर्दळ ओसरली, की ती हळूहळू पुन्हा उजेडी बाहेर पडू लागतात.