जुन्या रॉक अल्बमच्या सुरुवातीच्या सीडींमधली चांगल्या आवाजाची सीडी ओळखायची कशी?

परभणीहून तुम्ही विचारलंय की सत्तरच्या दशकातल्या रॉक अल्बमच्या पहिल्या-पहिल्या सीडी नंतरच्या रीमास्टरपेक्षा (जुन्या टेपवरून नव्याने तयार केलेल्या आवृत्तीपेक्षा) चांगल्या वाजतात असं ऐकलंय, मग जपानची घ्यावी की पश्चिम जर्मनीची, आणि जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन घेताना ती ओळखायची कशी? तुमच्याकडे लॅपटॉप, डीएसी (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारं यंत्र) आणि बऱ्यापैकी हेडफोन आहेत, म्हणजे लागतं ते सगळं आहे.

जपान की जर्मनी हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. सीडीवर शेवटी आकडेच असतात. एकाच डिजिटल मास्टरवरून, म्हणजे छपाईसाठी तयार केलेल्या मूळ प्रतीवरून निघालेली डिस्क शिझुओकाच्या कारखान्यातली असो, हानोव्हरची असो की अमेरिकेतल्या टेरे हॉटची, आकडे तेच, म्हणून आवाजही तोच. बदलतं ते मास्टरिंग, म्हणजे टेपवरून हा मास्टर बनवण्याचं काम. कोणती टेप काढली, ईक्यू (खर्ज-ट्रेबलचा तोल) किती फिरवला, आवाजाचे उंच शेंडे दाबणारा लिमिटर लावला की नाही, यावर सगळं ठरतं. कोणतं मास्टरिंग कुठल्या कारखान्यात गेलं याचा माग देशाच्या नावावरून लागतो, त्याचा उपयोग तेवढाच.

सीडी ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात विक्रीला आली. पुढची दहा-बारा वर्षं बहुतेक इंजिनिअर टेप फार छेडछाड न करता डिजिटलवर उतरवायचे आणि पातळीला वर मोकळी जागा ठेवायचे. जुन्या सीडीत स्नेअर ड्रमचा ठोका बाकीच्या वाद्यांतून सुटा उठून येतो, तो यामुळे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आवाज मोठा करण्याची चढाओढ लागली आणि लिमिटरने ठोक्यांचे शेंडे छाटले गेले. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर मोजणाऱ्या डायनॅमिक रेंज मीटरवर जुनी डिस्क साधारण १२ ते १४ दाखवते, तर जोरकस रीमास्टर ७-८ वर येतो. पण नुसत्या या आकड्यावर खरेदी करू नका. टेप मूळ होती की तिसरी प्रत, हे मीटरला कळत नाही.

बरेच जण इथेच फसतात. सीडीची मागणी वाढली तेव्हा कंपन्यांनी जुने अल्बम घाईने बाहेर काढले आणि हाताला लागेल ती टेप वापरली. अनेकदा ती एलपी कापण्यासाठी बनवलेली प्रत होती. एलपीच्या सुईला झेपावं म्हणून तिच्यात खर्ज आधीच आवरलेला असतो, त्यामुळे सीडी पातळ वाजते. प्रतीची प्रत असेल तर टेपची सूंऽऽ वाढते आणि सिंबल धुरकट होतात. कव्हरवरच्या ‘एएडी’ या अक्षरांचा अर्थ एवढाच, की रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग अ‍ॅनालॉग, शेवटचा मास्टर डिजिटल. त्यावरून चांगलं-वाईट ठरत नाही. त्यामुळे डिस्क १९८४ ची आहे, एवढ्यावर मी तरी जास्त पैसे मोजणार नाही.

ठोस उदाहरणं घेऊ. एसी/डीसीच्या ‘बॅक इन ब्लॅक’ची अटलांटिकची पहिली सीडी इंजिनिअर बॅरी डायमेंट यांनी मास्टर केली होती. २००३ च्या रीमास्टरशी ती ताडून बघा, गिटारभोवतीची हवा लगेच कळेल. लेड झेपलिनची ऐंशीच्या दशकातली डिस्क, १९९० चं बँडचे गिटारवादक जिमी पेज आणि इंजिनिअर जॉर्ज मरिनो यांचं काम आणि २०१४ पासूनचे रीमास्टर ही तीन वेगळी मास्टरिंग आहेत. दुकानदाराला मात्र ती एकच वाटतात. बीटल्सचे अल्बम १९८७ मध्ये सीडीवर आले. पहिले चार मोनोमध्ये होते, ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’ त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी नव्याने मिक्स केले. तेच मास्टरिंग २००९ पर्यंत चालू राहिलं, म्हणून १९८७ च्या डिस्कसाठी १९९८ च्या डिस्कपेक्षा दुप्पट पैसे देण्याचं कारण नाही. डायर स्ट्रेट्सची ‘ब्रदर्स इन आर्म्स’ची १९८५ ची व्हर्टिगो कंपनीची सीडी प्रचंड खपली होती, त्यामुळे आजही स्वस्तात सापडते. त्यातली काही गाणी तेव्हाच्या एलपीपेक्षा लांब आहेत. सुरुवात हिच्यापासून करा.

नेमबाजीच्या चक्रासारखं रंगीत लेबल असलेल्या पश्चिम जर्मनीच्या डिस्कना संग्राहक ‘टार्गेट’ म्हणतात. अटलांटिक, इलेक्ट्रा आणि वॉर्नरसाठी त्या पॉलिग्रामच्या कारखान्यात निघाल्या. दिसायला देखण्या आहेत, पण पुष्कळदा तेच मास्टरिंग साध्या चंदेरी अमेरिकन डिस्कवरही असतं, निम्म्याहून कमी किमतीत.

आता ओळख पटवायची कशी ते बघू. डिस्क उलटी धरून ट्यूबलाइटखाली थोडी तिरकी करा. मधल्या भोकाभोवती पारदर्शक प्लास्टिक, त्याच्या बाहेर आरशासारखी अरुंद पट्टी. त्या पट्टीत बारीक अक्षरांत मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे कारखान्याने कोरलेला क्रमांक असतो. हीच डिस्कची खरी ओळख, कारण कव्हर आणि डबी कुणीही बदलू शकतो. पट्टीवर किंवा पारदर्शक भागात ‘आयएफपीआय’ आणि पुढे छोटा कोड दिसला तर डिस्क १९९४ किंवा त्यानंतरची, मग कव्हरवर काहीही छापलेलं असो. विक्रेत्याकडे कव्हरचा नाही, या पट्टीचा फोटो मागा, आणि तो क्रमांक डिस्कॉग्स या रेकॉर्ड-सीडींची सूची ठेवणाऱ्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळवा. जपानच्या डिस्कवर आणखी एक खूण सापडते. ‘सीपी३५’ किंवा ‘३५डीपी’ यातला ३५ म्हणजे ३,५०० येन किंमत, म्हणजे सुरुवातीची. ‘३२’ आली की किंमत उतरल्यानंतरची.

दुसरी खूण डिस्क हातात आल्यावर मिळते. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरमध्ये सेक्युअर मोडवर रिप करा, म्हणजे गाणी लॅपटॉपवर उतरवा, आणि त्याची नोंद म्हणजे लॉग उघडा. प्रत्येक गाण्यापुढे पीक लेव्हल (सर्वांत उंच पातळी) टक्क्यांत दिलेली असते. दोन डिस्कचे सगळ्या गाण्यांचे आकडे दशांशापर्यंत जुळले तर मास्टरिंग एकच समजा. जुन्या चांगल्या डिस्कवर हे आकडे वेगवेगळे असतात, एखादं गाणं ६०च्या घरात, एखादं ९०च्या पुढे. सगळीच गाणी एका ठरावीक आकड्याला टेकलेली दिसली तर लिमिटर लावलेला आहे असं धरा. नव्वदच्या दशकात भारतात छापलेल्या डिस्कलाही हीच कसोटी लावा. परदेशातून चांगलं मास्टर आलेलं असेल तर ती डिस्क आयात डिस्कइतकीच चांगली असते.

प्री-एम्फसिस, म्हणजे ट्रेबल मुद्दाम चढवून लिहिण्याची पद्धत, नीट समजून घ्या, कारण यात चांगली डिस्क वाईट ठरवून विकली जाते. सुरुवातीच्या कन्व्हर्टरमध्ये वरच्या पट्टीत खरखर असायची. ती दाबण्यासाठी काही डिस्कवर, विशेषतः जपानच्या, सुमारे ३ किलोहर्ट्झच्या वरचा भाग चढवून लिहिलेला आहे. २० किलोहर्ट्झला ही चढण साधारण साडेनऊ डेसिबल होते. सीडी प्लेअर डिस्कवरची खूण वाचून ती परत उतरवतो. लॅपटॉपवर रिप केलं की ते उतरवणं होतच नाही आणि आवाज कानाला टोचतो. ‘अ‍ॅबी रोड’ची १९८३ ची जपानी डिस्क, सीपी३५-३०१६, अशीच आहे. ती बाजारातून मागे घेतली गेली, म्हणून महाग आहे. रिप करणारं सॉफ्टवेअर खूण दाखवतं, पण काही डिस्कवर ती फक्त सबकोडमध्ये (गाण्यांसोबत लिहिलेल्या जादा माहितीत) असते आणि सॉफ्टवेअर ‘नाही’ म्हणतं. संशय आला तर तीच डिस्क प्लेअरवर लावा. प्लेअरवर गोड आणि रिपवर कर्कश वाजली तर कारण हेच. सॉक्स (SoX) या मोफत सॉफ्टवेअरमधला ‘डीएम्फ’ (deemph) इफेक्ट लावा आणि फाइल २४ बिटमध्ये ठेवा. ट्रेबलचं बटण फिरवून हे जुळत नाही, उताराचा आकार वेगळा असतो.

घेताना लेबलची बाजू आधी तपासा. खालच्या बाजूला १.२ मिलिमीटर प्लास्टिक आहे, वर अ‍ॅल्युमिनियमवर नुसता लाखेचा पातळ थर. लेबलवरचा खोल ओरखडा म्हणजे डेटा गेला. डिस्क दिव्यासमोर धरून टाचणीच्या टोकाएवढी उजेडाची भोकं दिसतात का बघा. एक-दोन चालतात, नक्षी दिसली तर सोडून द्या. ‘मेड इन यूके बाय पीडीओ’ असं लिहिलेल्या, साधारण १९८८ ते १९९३ मधल्या डिस्क कडेकडून तांबूस होत जातात. कव्हरच्या कागदातलं गंधक त्यांच्या लाखेतून आत शिरतं. अशी घेतलीच तर त्याच दिवशी रिप करा. खालची बाजू निळसर-हिरवी असेल तर ती घरी बर्न केलेली आहे.

छत्रपती संभाजीनगरला जाफर गेटचा रविवारचा बाजार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार चाळताना हिंदी गाण्यांच्या ढिगाखालीही बघा, इंग्रजी डिस्क तिथेच मिसळून पडतात. परदेशातून मागवताना टपाल आणि सीमाशुल्क डिस्कपेक्षा महाग पडू शकतं, तीन-चार एकत्र मागवा.

मळकट डिस्क आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने धुऊ नका, क्षारांचे पांढरे डाग राहतात. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, वरून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी (अ‍ॅसिड नव्हे) आणि मऊ सुती कापड. पुसायचं मधून कडेकडे सरळ, गोल नाही. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सीडीची चूक-दुरुस्ती सलग अडीच मिलिमीटरच्या आसपासच सांभाळू शकते, आडवा ओरखडा मात्र ती सहज पचवते. मे महिन्यात कुरिअरवाल्याला पार्सल गाडीत ठेवू देऊ नका, आपल्या उन्हात डिस्क वाकते.

शेवटी दोन मास्टरिंगची तुलना करताना पातळी आधी सारखी करा. फूबार या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये पातळी जुळवणारं रीप्लेगेन लावा, कोणती डिस्क वाजतेय हे न सांगता ऐकवणारा एबीएक्स कंपॅरेटर उघडा. एक डेसिबलने मोठी वाजणारी डिस्कसुद्धा कानाला चांगली वाटते, आणि बहुतेक रीमास्टरची पहिली छाप तेवढ्यावरच पडते. पातळी जुळवल्यावर खर्जातला बेस गिटारचा सूर आणि सिंबल विझत जाण्याचा शेवट, या दोन जागा ऐका.